शिआनचा पॅगोडा कलला कशाने?

कुणी कुणी म्हणतं की चीनमधल्या शिआन शहराचा मोठा रानहंस पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा, १५५६ च्या भूकंपाने कलला. भूकंपाने त्याचं नुकसान झालं हे खरं, पण विसाव्या शतकात कल वाढला तो शहराने बेसुमार उपसलेल्या भूजलामुळे. खालची जमीनच खचली. उपसा आवरल्यावर जरा सावरला बिचारा. ६५२ मध्ये तो उभा राहिला, चिनी बौद्ध भिक्खू ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला. तेव्हा पाचच मजले, बाहेर विटा नि आत मातीचा भराव. भेगांतून झाडंझुडपं उगवली म्हणे! आजचे सात मजले नंतरचे. आणि हो, हाच भिक्खू चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही, असं लिहून ठेवलंय त्याने.