कल्चर निगेटिव्ह एंडोकार्डायटिस (झडपेचा संसर्ग, पण कल्चरमध्ये जंतू उगवत नाही): गोठ्यातलं काम करणारा पेशंट, पुढे काय पाठवू?

निपाणी_फिजिशियन:
म्हशी-शेळ्या पाळणारा, पंचेचाळिशीतला पेशंट. पाच आठवडे बारीक ताप, रात्री घाम, कंबरदुखी. इकोत एऑर्टिक व्हॉल्व्हवर (महाधमनीच्या झडपेवर) ९ मिमी व्हेजिटेशन (संसर्गाची गाठ). ब्लड कल्चर पाच दिवस कोरं, पण आधी गावात सेफ्ट्रियाक्सोन झालंय. ब्रुसेला की क्यू फीव्हर (दोन्ही जनावरांपासून लागणारे)? बेळगावला काय पाठवू?

मायक्रो_बेळगाव:
आधी विचारा: जनावर गाभडलं का, वार हाताने ओढली का, धारोष्ण दूध पितो का. पेशंट स्थिर असेल तर अँटिबायोटिक थांबवून पुन्हा तीन सेट घ्या, प्रत्येक वेगळ्या शिरेतून, बाटलीत ८-१० मिली. २ मिली रक्त भरलेल्या बाटल्यांवर आमचा वेळ जातो.

फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ ठळक लिहाच. ब्रुसेला हवेतून लॅबवाल्याला लागतो. उघड्या टेबलावर प्लेटचा वास घेणं महागात पडतं. बाटली १४ दिवस तरी ठेवायला सांगा.

सोबत सिरम द्या. एसएटी (ब्रुसेलाची अँटिबॉडी टेस्ट) १:१६० किंवा वर असेल तर ब्रुसेला धरा. सुरुवातीच्या डायल्यूशनला (कमी पातळ केलेल्या सिरमला) निगेटिव्ह आलं म्हणून थांबू नका, अँटिबॉडी फार असली की प्रोझोन होतो, म्हणजे टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. पुढची डायल्यूशन लावायला सांगा. कॉक्सिएला (क्यू फीव्हरचा जंतू) साध्या कल्चरवर उगवतच नाही, तिथे फेज १ आयजीजी (अँटिबॉडी) १:८०० किंवा वर हवं.

कार्डिओ_बेळगाव:
टीईई (अन्ननलिकेतून इको) करा, रूट ॲब्सेस (महाधमनीच्या मुळाशी पू) बघा. एऑर्टिकवर ब्रुसेला झडप बरीच पोखरतो. आणि घाम-कंबरदुखी बघून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू नका. रिफॅम्पिसिनने ताप उतरतो, निदान मात्र मागे पडतं.

ब्रुसेला ठरला तर डॉक्सी १०० मिग्रॅ दोनदा, रिफॅम्पिसिन, आणि सुरुवातीचे काही आठवडे जेंटामायसिन, क्रिएटिनिन बघत. एकूण किमान तीन महिने. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं) चालू असेल तर रिफॅम्पिसिनने आयएनआर (त्याच्या परिणामाचं माप) कोसळतो. क्यू फीव्हर निघाला तर डॉक्सी आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, १८ महिने तरी.

ऑपरेशनची वेळ बऱ्याचदा येते, सर्जनना आधीच कळवा. काढलेली झडप सगळी फॉर्मलिनमध्ये टाकली की कल्चर गेलंच, पीसीआरही (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) अवघड होतं. अर्धी निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवायला सांगा.

पशुवैद्य_चिकोडी:
गोठ्यातल्या जनावरांचीही रोझ बंगाल टेस्ट (ब्रुसेलाची) करून घ्या, दूध उकळूनच. एस-१९ लस (ब्रुसेलाची) फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना. ती जिवंत लस आहे, टोचताना सुई स्वतःला लागली तर तेही डॉक्टरांना सांगायचं.