मदत हवी आहे: वजन उतरवून स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा आजार) जातो का?
मिस्टरांची स्लीप स्टडी झाली, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) २२ आलाय म्हणजे मॉडरेट, डॉक्टर सीपॅप (झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावा म्हणतात पण हे म्हणतात आधी वजन उतरवतो मग बघू. रात्री घोरता घोरता एकदम आवाज बंद होतो, मी छातीवर हात ठेवून बघते, मग दचकून मोठा श्वास घेतात. कुशीवर झोपले की जरा बरं असतं, ड्रिंक्स बंद केलीयेत. वजन कमी करून कोणाचा एएचआय खरंच ५ च्या खाली, म्हणजे नॉर्मल आलाय का, म्हणजे परत टेस्ट करून, नुसतं घोरणं कमी झालं असं नाही? आणि तोपर्यंत मशीन लावायलाच हवं ना, बीपी पण आहे त्यांना, मला फार काळजी वाटते. मास्कची सवय कशी झाली तेही सांगा प्लीज.