मदत हवी आहे: मशीन भरतकाम शिकणाऱ्यांचे आक्रसलेले तुकडे उसवायचे की ठेवायचे?

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी साध्या शिलाई मशीनवर मोकळं भरतकाम करते आहे. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली पाडायचे, कापड रिंगमध्ये ताणून बसवायचं आणि हातानेच फिरवायचं. कॉम्प्युटरवर डिझाइन टाकून चालणाऱ्या मशीनशी याचा संबंध नाही. सुई जागच्या जागी वरखाली होते, चित्र काढतात ते कापड हलवणारे हात. आता पहिल्यांदाच नऊ जणांना हे शिकवायला घेतलंय. मशीनं सहा आहेत. चौघांनी याआधी मशीनला हातसुद्धा लावला नव्हता, आणि दोघी अगदी सफाईने कपडे शिवणाऱ्या आहेत.

नुसती फुलं-पानं गिरवून घ्यायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. सगळ्यांनी मिळून एक मोठं कापडचित्र करायचं आणि ते करता करता शिकायचं. विषय आहे पाऊस यायच्या आधीचं आभाळ. ३० सेंमीचे बारा चौकोन, चार आडवे आणि तीन उभे, म्हणजे जोडल्यावर १२० बाय ९०. नऊ चौकोन त्यांचे, तीन माझे. माझे तीन मी त्यांच्यासमोरच करते, चुकतेसुद्धा त्यांच्यासमोरच.

सुरुवात चांगली झाली. रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची, म्हणजे कापड मशीनच्या पाटाला टेकून राहतं, हे लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं. बॉबिनचा, म्हणजे खालचा दोरा आधी वर ओढून घ्यायचा, दोन्ही टोकं बोटात धरून तीन-चार टाके जागेवर घालायचे आणि मगच निघायचं, हेही अंगवळणी पडलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना कापड उलटं करून वाचायला शिकवलं. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं असेल तर चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये तो नीट बसलेला नसतो, नाहीतर कापड दाबून धरणारं फूट खाली करायचं राहिलेलं असतं. आता कुणी मला हाक मारत नाही, आधी कापड उलटं करून बघतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचण पुढे आली. पाय आणि हात यांचा मेळ बसत नाही. भीतीपोटी पेडल अगदी हलकं दाबतात आणि हात मात्र झटक्यात पुढे नेतात. मग एक टाका तांदळाएवढा आणि पुढचा बोटाच्या पेराएवढा. सुई कापडात असतानाच कापड ओढलं की ती वाकते, खालच्या पट्टीवर आपटते आणि तुटते. एका वर्गात पाच सुया तुटल्या. प्रत्येक वेळी आवाजाने सगळे दचकतात आणि ज्याची तुटली तो पुढची दहा मिनिटं पेडलवर पायच ठेवत नाही. शिवणकाम येणाऱ्या दोघींचा त्रास वेगळा आहे. दाते कापड पुढे नेतील याची त्यांच्या हातांना इतकी सवय आहे की त्या थांबून राहतात. कापड जागेवरच, सुई त्याच भोकात वीस वेळा, खाली गाठ. वळण आलं की सगळी रिंगच फिरवतात. आडवं आणि मागेसुद्धा तसंच जाता येतं हे डोक्याला पटलंय, हाताला अजून नाही.

हे सरावाने सुटेल. मला खरी मदत हवी आहे ती वेगळ्या गोष्टीसाठी.

आमच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या बाईंनी एक काळा ढग केला. राखाडीच्या तीन छटा, एकावर एक, दोन आठवडे खपून इतका दाट भरला की खालचं कापड कुठे दिसेना. रिंगमधून काढला आणि कापडाची वाटी झाली. मध्ये ओढून घेतलेलं, कडा लाटांसारख्या. ३५ सेंमीचा चौकोन कापला होता, ढगावरून आडवी टेप लावली तर जेमतेम ३१ भरला. चौकोन जोडायचे कसे याच विचारात मी होते आणि त्याच विचारात बोलून गेले, "थोडं उसवून बघा, सैल होईल."

पुढच्या वर्गाला त्या अर्धा ढग उसवून घेऊन आल्या. घरी बसून, बारीक पात्याने, टाका टाका करून. दोरे निघाले होते तिथे कापडाची चाळण झाली होती. पाणी मारून इस्त्री केली तेव्हा काही भोकं मिटली, पण सुईने जिथे धागाच तुटला होता तिथली मिटली नाहीत. त्या दिवशी त्या मशीनवर बसल्या नाहीत. दोन तास इतरांच्या बॉबिन भरून देत राहिल्या. चूक माझी होती हे मी त्यांना सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. पण तेव्हापासून बाकीचेही हात राखून भरतात. चौकोन सपाट राहताहेत आणि आभाळ फिकं होत चाललंय.

म्हणून अनुभवी लोकांना विचारते. शिकणाऱ्याचं काम आक्रसलं तर तुम्ही काय करता? आणि असे कमीजास्त आक्रसलेले तुकडे एका चित्रात बसवायचे कसे? कापड मध्यम जाडीचं सुती आहे, मागे आधाराला फाडून काढायचा कागद एक थर, दोरा पॉलिएस्टर ४० नंबर, सुई ७५/११. लांबलचक लिहिलं, पण आधीच धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, पेडलबद्दल आधी सांगते, कारण भीती गेल्याशिवाय बाकी काही जमणार नाही. मी पहिले दोन वर्ग दोराच ओवू देत नाही. जुनी, बोथट सुई लावायची (कागदाने सुईची धार जाते, चांगली वाया घालवू नका), जाडसर कागद घ्यायचा आणि त्यावर नुसती भोकं पाडत चित्र काढायचं. झालं की कागद खिडकीपाशी उजेडात धरायचा. भोकं जवळजवळ म्हणजे हात हळू, लांब लांब म्हणजे हात घाईत. मी काही बोलावं लागत नाही, त्यांचं त्यांनाच दिसतं. दोरा नाही म्हणजे गुंता नाही, आणि कागद फुकट गेल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

दुसरं म्हणजे पेडल कमीजास्त करूच देऊ नका. एक वेग ठरवायचा, त्यांना वाटतो त्यापेक्षा थोडा जास्तच, आणि तोच धरून ठेवायचा. बदलायचा फक्त हात. मशीनला वेगाची पट्टी असेल तर ती मध्यावर ठेवा आणि पाय पूर्ण दाबायला सांगा, म्हणजे पायाचा विचारच संपतो. शिवणाऱ्या दोघींना मी असते तर नाव गिरवायला दिलं असतं, रिंग न फिरवता. अक्षर लिहिताना आपण वही फिरवत नाही, ही एक गोष्ट त्यांच्या हाताला लगेच कळते.

आणि सुई कापडात असताना बोटं रिंगच्या कडेवरच हवीत. आत घेतली तर घसा ताणून सांगा.

प्रतिसाद

आक्रसण्याबद्दल लिहितो. प्रत्येक टाका कापड किंचित ओढतो. एका टाक्याचं काही वाटत नाही, पण दाट भरलेल्या ढगात हजारो टाके असतात. कडेला टाके नाहीत, म्हणून कडेची लांबी तीच राहते आणि तिच्या लाटा होतात. त्यात पॉलिएस्टर दोरा शिवताना ताणला जातो आणि नंतर मूळ लांबीवर यायला बघतो, त्याने आणखी भर पडते. वरचं टेन्शन कमी करा, निम्म्यापर्यंत आणलं तरी चालेल. रिंग आवळल्यावर कापड तिरकं ओढून ताणायची सवय असेल तर ती मोडा. तसं ताणलेलं कापड रिंगमधून सुटलं की परत येतं आणि चुण्या पडतात.

फाडायचा कागद दाट कामाला पुरत नाही. सुईच्या भोकांनी तो शिवता शिवताच फाटतो आणि मग कापडाला आधार उरत नाही. दाट भरायचं असेल तर मागे कायमचं राहणारं अस्तर लावा, शेवटी टाक्यांबाहेरचं तेवढंच कापून काढायचं असतं. आधी सगळ्या चौकोनावर विरळ टाके मारून ते कापडाशी एकजीव करा, मग मधून कडेकडे भरत जा. आणि कापताना ३५ नाही, ४० सेंमी घ्या. मापात कापायचं ते सगळ्यात शेवटी.

काळोख हवा म्हणून थरावर थर चढवायची गरज नसते. जाड दोरा बॉबिनवर हाताने गुंडाळा, कापड उलटं ठेवून मागून शिवा. जाड दोरा सुलट बाजूला येतो आणि थोड्या टाक्यांत जागा भरते, ओढही कमी बसते. ॲलिस केटल ही ब्रिटिश कलाकार भिंतभर मोठी चित्रं याच पद्धतीने, मागून जाड दोऱ्याने शिवते. यासाठी बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, स्क्रू सैल करावा लागतो. एक जादा केस त्यासाठीच ठेवा, रोजच्या केसला हात लावू नका. पाव पाव फेराच फिरवा, आणि खाली ताटली धरा, तो स्क्रू तिळाएवढा असतो.

आक्रसलेला तुकडा ओला करून, चारी बाजूंनी टाचण्या मारून वाळवला तर बराच सपाट होतो. ३१ चा ३५ मात्र होणार नाही. त्याला चौकोन समजणं सोडा. ढगाच्या कडेने कापा आणि नव्या कापडावर बसवा.

उसवायला मी फक्त एकाच वेळी सांगतो. शिकणारा स्वतः म्हणाला, की हे मला नको आहे, तर.

मूळ प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद

दोघांचेही खूप खूप आभार. तीन आठवडे सगळं करून बघितलं आणि मगच लिहायला बसले.

कागदाच्या युक्तीने वर्गाचा आवाजच बदलला. आधी मशीनं अडखळत चालायची, आता सहाही एका सुरात चालतात. तीन आठवड्यांत दोन सुया तुटल्या. शिवणाऱ्या दोघींपैकी एकीने आपलं नाव रिंग न फिरवता लिहिलं, शेवटच्या अक्षरावरून तशीच मागे आली आणि खाली रेघ मारली. मग स्वतःच म्हणाली, "अरे, मी मागे आले!"

जाड दोरा बॉबिनमध्ये भरून मागून शिवायचं मी आधी माझ्या चौकोनावर करून दाखवलं. आपण काय भरतोय ते शिवताना दिसत नाही, कापड उलटवल्यावरच कळतं. मला वाटलं होतं की नवशिके याने गोंधळतील. उलट, दिसत नाही म्हणून ते जास्त मोकळेपणाने भरतात. एका मुलाने वाऱ्याचे झोत असे काढले आहेत की माझ्या हातून तसे येणार नाहीत.

ढगाचं सांगायचं राहिलं. मी बाईंपुढे दोन पर्याय ठेवले, नवीन करायचा किंवा हाच कापून बसवायचा. त्यांनी कात्री मागितली. ढगाच्या दाट अर्ध्या भागाच्या कडेने स्वतः कापलं, पण चाळण झालेला भाग तोडला नाही, तो ढगाला लागून तसाच खाली लोंबत ठेवला. त्यावर काहीतरी भरून झाकू या असं मी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, "नको. मागे पांढरं कापड लाव, भोकांतून उजेड दिसू दे." लावलं. आता त्या दुसरा ढग करताहेत, अस्तर लावून, पहिल्यापेक्षा काळा.

एक शेवटची शंका. चौकोन आता ३० च्या मापात कापायचे आहेत आणि भरलेले टाके कडेपर्यंत गेलेत. कापले की कडेचे दोरे सुटतील. कापायच्या आधी मापाच्या जरा आत बारीक टाक्यांची शिवण चारी बाजूंनी मारून घ्यावी असा विचार आहे. त्याने जोडताना कड जाड होईल का? कुणी केलं असेल तर शिवण किती आत घेतलीत ते सांगा. शनिवारी कापायला बसणार आहोत.