शिकस्ता उर्दू वाचता येते, आश्रय मागणाऱ्यांच्या उपयोगी पडेल का?

द्वारका_नाशिक
नमस्कार मंडळी. शाळा मालेगावात उर्दू माध्यमातून, नोकरी नाशिकच्या कोर्टात, आता निवृत्त. वैजापूर-गंगापूरकडच्या जमिनींच्या दाव्यांसाठी निजामाच्या काळातले कागद वाचून मराठी-इंग्रजीत उतरवून देतो. छापील उर्दू वाचणारे पुष्कळ. पटवाऱ्याच्या घाईतल्या शिकस्ता लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गायब आणि अक्षरं एकमेकांत अडकलेली असतात, ती वाचणारे फार थोडे उरलेत.

मुलगी इंग्लंडात शिकते. ती म्हणते, पाकिस्तानातून आलेले अहमदिया आणि ख्रिस्ती लोक तिथे आश्रयासाठी अर्ज करतात. त्यांच्याकडच्या एफआयआर हाताने लिहिलेल्या असतात आणि त्या नीट वाचणारं कोणी सापडत नाही. हे काम नाशकात बसून, पैसे न घेता करता येईल का? इंग्रजी माझं कोर्टातलं. लिहितो बरं, बोलताना अडतो. परीक्षा वगैरे असते का?

सह्याद्री७२
काका, सीबीएस स्टँडसमोर कोर्टाच्या दारात रोज किती गरीब लोक अर्ज लिहून घ्यायला पैसे मोजतात ते बघा आधी. पाकिस्तानी लोकांचं तिकडचे बघतील.

देवळाली_कॅम्प
सह्याद्री, माझे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले ते इथल्या निर्वासितांच्या छावणीत. मागे राहिलेल्या घराचा क्लेम भरायचा होता. त्यांना येत होती सिंधी, फॉर्म इंग्रजी. तो कोणीतरी भरून दिला, फुकट. काकांनी दोन्ही करावं की, अडवतंय कोण?

गोदाकाठची_बर्मिंगहॅमला
काका, मी पंचवटीची. इथे एका सॉलिसिटरच्या ऑफिसात आश्रयाच्या फायली सांभाळते. तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाच असतो, पण काही गोष्टी कडक शब्दांत सांगते.

अर्जदाराला लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, मिळत असेल तर भाषांतराचा खर्च त्यातून निघतो. तिथे फुकट काम करू नका, इथल्या भाषांतरकारांच्या पोटावर पाय येतो. तुमची गरज आहे ती वकील न मिळालेल्यांना, त्यांना मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थांना, आणि जिथे आधीच्या भाषांतरावर शंका आहे अशा ठिकाणी दुसऱ्यांदा वाचायला.

परीक्षेचं म्हणाल तर इथल्या इमिग्रेशनच्या नियमांत प्रत्येक भाषांतरासोबत दाखला लागतो: भाषांतर अचूक असल्याची खात्री, तारीख, पूर्ण नाव, सही, संपर्क. म्हणजे तुमचं नाव-पत्ता फायलीत जाणार, याचा विचार आधी करा. अमेरिकेतही भाषांतरकाराने स्वतःच सही करून लिहून द्यायचं असतं की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे.

केसवर सल्ला मात्र द्यायचा नाही. "हा कागद लावू नका", "मुलाखतीत असं सांगा" यातलं एक वाक्यही नाही. १९९९च्या कायद्याप्रमाणे पात्रता किंवा नोंदणी नसलेल्याने इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे, मग पैसे घ्या किंवा न घ्या. आणि चुकीच्या सल्ल्याने माणूस परत पाठवला जातो, ते वेगळंच.

द्वारका_नाशिक
ताई, फार मोलाचं सांगितलंत. एक शंका. जमिनीच्या कागदांत बापाचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी आलं तर वकील म्हणतात, "एकसारखं करून टाका." एफआयआरमध्ये तसं दिसलं तर?

गोदाकाठची_बर्मिंगहॅमला
अजिबात नाही! पहिल्या पानावर गुलाम रसूल, दुसऱ्यावर नुसतं रसूल असेल तर तसंच ठेवायचं. हवालदाराने २९८-सीच्या (पाकिस्तानातलं अहमदियांविरुद्धचं कलम) जागी भलतंच कलम लिहिलं असेल तर तेही तसंच. शिक्का पुसट असेल तर चौकोनी कंसात "शिक्का वाचता येत नाही". अधिकारी मूळ कागद स्वतःच्या माणसाकडून वाचून घेऊ शकतो. तुम्ही दुरुस्त केलेली विसंगती तिथे सापडली की खोटेपणाचा शिक्का अर्जदारावर बसतो. विसंगतीचा खुलासा वकील करेल. तुम्हाला फारतर शेवटी भाषांतरकाराची टीप देता येते.

अफगाण कागद आले तर तारीख हिजरी शम्सी, म्हणजे त्यांच्या सौर पंचांगाची, असते. १३९० म्हणजे आपलं २०११-१२. जुन्या तझकिऱ्यात (अफगाण ओळखपत्रात) बऱ्याचदा जन्मतारीखच नसते, "१३९० साली वय वीस" एवढंच. त्याची १ जानेवारी करून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. पण तो मजकूर दरी-पश्तो भाषांत असतो. उर्दू येते म्हणून त्याला हात घालू नका.

द्वारका_नाशिक
पटलं. मुलीकडे एका गृहस्थांच्या एफआयआरचा फोटो आहे. नमुना म्हणून दोन ओळी वाचून इथे टाकू का?

गोदाकाठची_बर्मिंगहॅमला
इथे नको, व्हॉट्सॲपवर नको, कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला तर मुळीच नको. त्या माणसाचे नातलग अजून त्याच गावात असतील. कागद भारतात पाठवायला त्याची लेखी संमती आहे का, हे आधी मुलीला विचारा. नसेल तर फोटो तुमच्याकडे यायलाच नको. संस्थेमार्फत आला तर संमतीचं ते बघतात आणि फाईल पासवर्ड घालून येते. चाचणीसाठी तुमच्या निजामी कागदांपैकी एखादं पान, नावं झाकून, भाषांतरासह तयार ठेवा. हात कसा आहे ते त्यावरून कळतं.

सह्याद्री७२
काका, वैजापूरचा एक खासरा, जमिनीच्या नोंदीचा कागद, माझ्या मेव्हण्याकडे पडून आहे. वाचून द्याल?

द्वारका_नाशिक
आणा. मात्र त्याचे पैसे घेईन.