निरीक्षणाची वही आणि भाषेचा तास
परिसर अभ्यासामुळे भाषेचे तास वाया जातात, असा आक्षेप घेतला जातो; तो मला पटत नाही. उलट भाषेच्या तासाला लिहिण्याजोगे काही हाती लागते ते परिसरातूनच. ‘माझे आवडते झाड’ असा निबंध दिला की ‘झाडे आपल्याला सावली देतात’ हे ठरीव वाक्य हमखास येते. त्याऐवजी एकाच झाडाचे एकच पान आठवडाभर रोज पाहून दोन ओळी लिहायला सांगितल्या, की कोवळे पान तांबूस म्हणावे की तपकिरी यावर मुले हुज्जत घालू लागतात आणि विशेषणाचे काम व्याख्येवाचून कळते. मुंग्यांच्या रांगेचे वर्णन करताना ‘आधी’, ‘मग’, ‘तोवर’ हे शब्द आपसूक येतात. पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषयांना जोडून दिलेले असावे, असे १९७७ मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथे भरलेल्या युनेस्कोच्या पर्यावरण शिक्षण परिषदेने सांगितले होते. व्यवहारात मात्र ते बहुधा विज्ञानाच्या शिक्षकांकडेच सोपवले जाते. (घोषवाक्यांची स्पर्धा घेतली की भाषेचा वाटा संपला, ही समजूत त्याहून वाईट.) एक पथ्य मात्र पाळावे: निरीक्षणाच्या वहीत पहिल्याच दिवशी शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नयेत, नाहीतर मुले पाहिलेले सोडून देतात आणि बिनचूक लिहिता येणारे शब्दच तेवढे वापरतात.