कायद्याचा बालेकिल्ला, पण किल्लेदार कोण?

गोदाकाठ (धागाकर्ता):

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक शहर पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा पकडलेली माणसे हात जोडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असे म्हणत असल्याच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. त्यांत केवळ गल्लीतले भाई नव्हते, राजकीय पक्षांशी उघड संबंध असलेली माणसेही होती. त्या पाहताना मलाही बरे वाटले, हे कबूल करतो. मात्र नंतर मनात आलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. ही माणसे कोण आहेत, कुठे बसतात आणि कोणाच्या जिवावर माजतात हे पोलिसांना इतके ठाऊक होते की ठरवल्यावर त्यांना भराभर उचलता आले, तर त्याआधी या शहरात जे खून पडले आणि जे कोयत्याचे हल्ले झाले, त्यांची जबाबदारी कोणाची?

समाज म्हणून आपण सारेच कमी पडलो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बारभाईच्या खेतीत कोणाच्याच हाती काही लागत नाही, म्हणून मी नेमके बोट ठेवतो. ज्यांच्या हाती वेळीच थांबवण्याचा अधिकार होता आणि ज्यांनी तो वापरला नाही, ते पहिले जबाबदार. कायद्याची हत्यारे कमी नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली २ वर्षांपर्यंत तडीपार करता येते, १९८१ च्या एमपीडीए या धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या कायद्याखाली वर्षभर स्थानबद्ध ठेवता येते आणि टोळीवर १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावता येतो. तरीही 'तडीपार गुंड कोयत्यासह शहरात सापडला' ही बातमी आपल्याला नित्याची वाटते. तडीपार माणूस सिन्नरला खोली घेऊन राहतो आणि मोटारसायकलवरून तासाभरात पंचवटीत येऊन चहा पितो. नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आणला तोही मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. सुमारे ३०० कोटींचा माल नाशिकच्या उंबरठ्यावर तयार होत होता आणि त्याचा वास मुंबईला आधी लागला.

दुसरे जबाबदार आश्रयदाते. मी दिंडोरी रोडला राहतो. आमच्या चौकात वाढदिवसाचा एक फलक लागला होता. वर नेत्यांचे हसरे चेहरे, मधोमध गॉगल लावलेले 'भाऊ' आणि खाली टिकलीएवढ्या गोलांत चाळीसेक शुभेच्छुक पोरे. त्यांतल्या एका पोराला सायकल शिकताना मी पाहिले आहे. तो हाफ मर्डरच्या गुन्ह्यात आत गेला, तरी फलक पुढचे आठ दिवस तसाच होता. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे. नगरसेवकांचा दबाव येतो म्हणून फलक काढता येत नाहीत, असे महापालिकेचे कर्मचारी पूर्वी सांगत. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. फलक तेव्हाही लागतच होते.

निवृत्त मुख्याध्यापिका:

धागाकर्त्यांचे म्हणणे वाचून वाईट वाटले, कारण त्यांच्या यादीत घर कुठेच नाही. मी नाशिकच्या सिडको या कामगारवस्तीतील एका शाळेत २९ वर्षे शिकवले. मुलाच्या हाती कोयता येतो तो सोळा-सतराव्या वर्षी, परंतु त्याआधीची दोन-तीन वर्षे आमच्या डोळ्यांसमोर उलगडत असतात. आधी केस कापण्याची तऱ्हा बदलते, मग घरात कोणी घेऊन न दिलेला मोबाइल हातात दिसतो, मग 'दादाने बोलावले' म्हणून मधल्या सुट्टीनंतर बाक रिकामा राहू लागतो. हे सारे शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना दिसते, तर आईवडिलांना दिसत नाही असे मी कसे मानू?

नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात लोखंडी फायटर, म्हणजे ठोसा मारण्यासाठी बोटांत घालायचे हत्यार, सापडला. वडिलांना बोलावून मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून पाहिला, स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "बाई, स्वतःच्या बचावासाठी ठेवतंय पोरगं. बाहेर काय चाललंय बघता ना तुम्ही." तो फायटर मी परत मागायला हवा होता. मागितला नाही. माझ्या वाट्याची जबाबदारी तेवढी आहे आणि ती मी नाकारत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या हाती किल्ली दिली म्हणून बाप जबाबदार, पण मुलाच्या गादीखाली कोयता आहे हे ठाऊक असून गप्प बसला तर जबाबदार नाही, ही विसंगती मला पटत नाही.

पाथर्डी फाटा:

पोलीस, पुढारी, पालक, शाळा. या यादीत मारणारा कुठे आहे? सात वार करणाऱ्याला पहिल्या आणि सातव्या वाराच्या मध्ये सहा वेळा थांबता आले असते. त्याच गल्लीत, त्याच पाण्याच्या रांगेत वाढलेली शेकडो मुले सकाळी डबा घेऊन कामाला जातात. गुन्हेगाराची जबाबदारी वाटून देणे हा त्या मुलांचा अपमान आहे.

अंबड दुसरी पाळी:

बाई, आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो. तो फायटर खिशात टाकणारा बाप मी पाहिला आहे, कारण तसे चार जण माझ्याबरोबर यंत्रावर उभे असतात. सिडकोच्या सहा गृहयोजना सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांसाठी उभ्या राहिल्या. माझ्या वडिलांना कायम नोकरी होती, तिच्या भरवशावर त्यांनी घराचे हप्ते फेडले. वडील ज्या कामाला कायम होते त्याच कामाला मी ठेकेदाराचा माणूस म्हणून गेलो. काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो, मग नवे गेटपास, नवा ठेकेदार, तेच यंत्र. दुसरी पाळी संपवून मी घरी पोहोचतो तेव्हा मुलगा झोपलेला असतो आणि तो शाळेला निघतो तेव्हा मी झोपलेला असतो. पत्नी सकाळी दोन घरची पोळ्यांची कामे करते. गादीखाली काय आहे हे बघायला घरात कोणी असावे लागते.

पाथर्डी फाटा यांचे म्हणणे मला अमान्य नाही, वार करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु भाई त्या पोराला काय देतो तेही पाहावे. पैसे फारसे देत नाही, वडापाव आणि पेट्रोल देतो. मुख्य म्हणजे तो त्याला नावाने हाक मारतो. कारखान्याच्या गेटवर त्याच पोराला नंबर असतो. बेकारीमुळे माणूस खुनी होतो, असे मी म्हणत नाही. पण कुठेच मोजला न जाणारा पोरगा ज्याला हवा आहे, त्याला तो आमच्या भागात फुकटात मिळतो, एवढेच मला दिसते.

कोर्टाची पायरी:

मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझ्याबद्दल जे मत करायचे ते करून पुढे वाचावे.

धागाकर्त्यांना ज्या चित्रफिती पाहून बरे वाटले, त्या पाहून मला माझ्या धंद्याची चिंता मिटल्यासारखे वाटले. आरोपीला ओळखणारा साक्षीदार अनोळखी असेल तर तुरुंगात ओळख परेड घ्यावी लागते. त्याआधीच आरोपीचा चेहरा शहरभर दाखवला, तर "साक्षीदाराने याला मोबाइलवर पाहिले होते" एवढे एक वाक्य उलटतपासणीत पुरते आणि परेडची किंमत जाते. पोलिसांसमोर दिलेली कबुली मोक्कासारखे अपवाद सोडले तर पुरावा म्हणून चालत नाही, मग कॅमेऱ्यासमोर वदवलेल्या घोषणेचा खटल्यात काय उपयोग? भर चौकातून धिंड काढण्याची शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. लोकांच्या टाळ्या मिळतात आणि दोन वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतो, तेव्हा तेच लोक न्यायालयाला दोष देतात.

बाईंच्या मुद्द्यावर सांगतो. पालकांना शिक्षा करणारे नवे कलम मागण्यापूर्वी असलेले वापरून पाहावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की जो प्रौढ एकटा किंवा टोळी करून बालकांचा बेकायदा कामांसाठी वापर करतो, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. सोळा वर्षांवरील मुलाने खुनासारखा गंभीर गुन्हा केला तर त्याला प्रौढाप्रमाणे चालवावे का, यावर बाल न्याय मंडळापुढे कडाडून वाद होतात. ते मूल कागदावर 'विधिसंघर्षित बालक' असते, तिकडे त्याच्या हाती कोयता देणारा चाळिशीतला माणूस दोषारोपपत्रात साक्षीदार म्हणूनही दिसत नाही. माझ्या हाती आलेल्या कागदपत्रांत कलम ८३ अपवादानेच लावलेले मला आढळले. तेव्हा जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्याने आधीच दिलेले आहे. तपास त्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, हे विचारावे.

गोदाकाठ:

वकीलसाहेब, ओळख परेडचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. त्या चित्रफितींबद्दलचा माझा आनंद मी मागे घेतो. परंतु आपण म्हणता तो चाळिशीतला माणूस म्हणजेच माझ्या चौकातल्या फलकावरचा मधला माणूस. तपास त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण फलकावर त्याच्या वरच्या बाजूला कोणाचे तरी हसरे चेहरे असतात. म्हणजे आपण फिरून माझ्याच मुद्द्याशी आलो. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना राजकीय दबावापासून मोकळे करण्याचे निर्देश २००६ साली दिले, त्यात ठरावीक मुदतीआधी बदली न करण्याचाही निर्देश होता. ठाण्याचा प्रमुख आपल्या खुर्चीवर किती दिवस आहे, हे ठाण्यातल्या शिपायाआधी भाईला कळत असेल, तर त्या निर्देशांचे काय झाले ते निराळे विचारायला नको.

बाईंशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. दुसऱ्या पाळीच्या बापाला तुरुंगात घालून कोणाचा कोयता खाली येणार?

निवृत्त मुख्याध्यापिका:

मी तुरुंग मागितलेला नाही, जबाबदारी मागितली आहे. अंबडच्या बंधूंचे लिहिणे वाचून मी बराच वेळ गप्प बसले, कारण पालकसभा आम्ही वर्षानुवर्षे दुपारी तीनला ठेवत आलो. तीनला कोण येणार हे आम्हाला कळायला हवे होते. तरीही तो फायटर उचलताना त्या गृहस्थांचा हात जराही थबकला नाही, हे मी विसरू शकत नाही. पाळी कोणतीही असो, त्या क्षणी ते माझ्यासमोर बसलेले होते.

पवननगर किराणा:

इतके सुशिक्षित लोक लिहीत आहेत, त्यात मी भर घालावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. वकीलसाहेबांनी साक्षीदाराचे नाव काढले म्हणून लिहितो. तो मीच.

माझ्या दुकानासमोर तीन वर्षांपूर्वी भांडण झाले. जुनी खुन्नस होती असे नंतर कळले. मी शटर अर्धे ओढले होते, त्यामुळे मला पाय दिसले, चेहरे दिसले नाहीत. मग एकजण खाली पडला तेव्हा दोन चेहरे दिसले. तो मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात आता वर जात नाही. पोलिसांना जे पाहिले ते सांगितले, सही केली. त्यानंतर पाच वेळा समन्स आले. तीन वेळा तारीख पुढे गेली, एकदा सरकारी वकील नव्हते, एकदा आरोपीला तुरुंगातून आणलेच नाही. प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवले.

मला कोणीही धमकी दिलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. आरोपीचा भाऊ फक्त रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येतो, दहा रुपयांचे शेंगदाणे घेतो आणि तिथेच उभा राहून खातो. बोलत काही नाही. सुटे पैसे असले तरी शंभराची नोट देतो, म्हणजे मला नव्वद रुपये मोजत त्याच्यासमोर उभे राहावे लागते. याची तक्रार मी काय लिहून देणार?

कोर्टाची पायरी:

काका, साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. हे शेंगदाण्यांचे प्रकरण तारीखवार लिहून ठेवा आणि सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या. धमकीचा शब्द उच्चारला गेलाच पाहिजे असे नाही. मी आरोपीकडून उभा राहणारा माणूस आहे, तरी हे सांगतो.

पाथर्डी फाटा:

काका, एक विचारतो, राग मानू नका. आपण साक्ष देणार आहात ना? कारण आपण फिरलात तर या धाग्यातील सर्व वाद व्यर्थ आहे.

पवननगर किराणा:

राग नाही. पुढची तारीख गुरुवारची आहे. मुलगा म्हणतो, आजारी असल्याचा दाखला आणून देतो, घरी बसा. बायको काही म्हणत नाही, पण तिने शेंगदाण्यांची बरणी काउंटरवरून उचलून आतल्या फळीवर ठेवली आहे. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी कालपासून वहीत तारखा लिहू लागलो आहे, काल तो पावणेसातला आला होता. गुरुवारी दुकान बंद राहील, तसा कागद मी शटरवर चिकटवला आहे.