सर्पदंशाचे बळी : अज्ञानाचे की अनास्थेचे?

रानवाट (धागाकर्ता) :
२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस ज्या देशात तयार होते, तिथे हे घडावे याचे मुख्य कारण मला वैज्ञानिक साक्षरतेच्या अभावात दिसते. दंशानंतरचा मोलाचा वेळ करकचून आवळलेल्या दोरीत, मंत्रात आणि कडुनिंबाचा पाला कडू लागतो की नाही हे पाहण्यात जातो. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ पासून घटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे. ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसे पडलेले नाही. कमावती माणसे अशी हकनाक गमावणाऱ्या देशाने विकासाच्या गप्पा जरा बेतानेच माराव्यात.

घाटमाथा :
असहमत. दुर्गम पाड्यावर रात्री गाडी मिळत नाही, मिळालीच तर आरोग्य केंद्रात डॉक्टर किंवा लस असेल याची खात्री नसते आणि मांत्रिक मात्र हाकेच्या अंतरावर असतो. अशा वेळी त्याच्याकडे जाणे हे निव्वळ अज्ञान नव्हे, व्यवहार आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून दाखवले आणि पूर्वी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. त्यासाठी कोकणाला आधी शरीरशास्त्र शिकवावे लागले नव्हते. शिवाय २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीला दूध पाजायला रांगा लावणाऱ्यांत पदवीधर काही कमी नव्हते, म्हणून देशाची प्रगती थांबली का?

तळटीप :
बावस्करांचे उदाहरण आपल्याच मुद्द्याच्या विरोधात जाते. मोठ्या इस्पितळापासून दूर बसलेला डॉक्टर रुग्णागणिक लक्षणे टिपतो, उपचारांची तुलना करतो आणि ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकाला त्याची दखल घ्यायला लावतो, याला वैज्ञानिक साक्षरता नाही तर काय म्हणायचे? पदवीने ती येत नाही, हे मात्र मान्य.

मांत्रिकाला यश येते, कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. वाचलेले मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात आणि गेलेल्यांना ‘आणायला उशीर केला’ म्हणून वगळले जाते. मण्यारीचे तर आणखी अवघड. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, सूज आणि वेदना जवळजवळ नसतात, पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. दवाखाना शेजारी असला तरी इथे उपयोग काय?

घाटमाथा :
मण्यारीपुरते मान्य. पण खाट आणि मच्छरदाणी घ्यायला ज्ञानाइतकेच पैसे लागतात.

रानवाट :
पैशांचे खरे, पण लस कुठे किती पाठवायची हे नोंदींवर ठरते आणि घरीच झालेला मृत्यू दवाखान्याच्या नोंदीत येत नाही. मांत्रिकाकडे गेलेला रुग्ण अशा रीतीने पुढच्या रुग्णाची लसही कमी करतो.

घाटमाथा :
गावोगावचे मृत्यू मोजणे हे शासनाचे काम आहे. तो दोष पाड्यावरच्या माणसाच्या माथी कशाला?